पालथी वाटी

"ही वाटी पालथी कुणी घातली?"

उमाबाई खांबेटे नुकत्या कुठे पाटावर टेकल्या होत्या. आवाज त्यांनी मुळीच चढवला नव्हता. तरी मिरजेच्या त्या मंगल कार्यालयात, विहिणीच्या पंगतीत, भाताचं पातेलं घेऊन आलेली माझी आई होती तिथंच उभी राहिली. साडेदहाच्या मुहूर्तापासून उमाबाई माझ्या सासूबाई झाल्या होत्या. मी समोरच्या रांगेत, मुंडावळ्या बांधून नवऱ्याशेजारी बसले होते. वाटीचा तो उद्योग माझा होता.

वाटी खरी नव्हतीच. ती मी रांगोळीनं फरशीवर काढली होती.

ही गोष्ट चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यातली. विहिणीची पंगत आता कुणी फारशी मांडत नाही, म्हणून थोडं सांगते. लग्न लागलं की मुलाच्या आईला चांदीच्या ताटात, भोवती रांगोळी घालून, आग्रह करकरून जेवायला वाढायचं. तिनं थोडं रुसायचं, मुलीकडच्यांनी तिची समजूत काढायची, आणि ती मागेल ते देऊन रुसवा काढायचा. थट्टाही चालायची. करंजीत सारणाऐवजी मीठ भरणं, लाडवात कापूस घालणं, हे सगळं विहिणीनं हसून घ्यायचं असे. पण पालथं भांडं थट्टेत बसत नसे. जेवायला बसलेल्या माणसापुढं पालथी वाटी ठेवायची म्हणजे तुम्हाला इथं काही मिळणार नाही, उठा, असं सांगणं.

माझं सासूबाईंशी भांडण त्याआधी तीन महिन्यांपासून चाललं होतं. त्यांना ते माहीत नव्हतं, एवढंच. मी कोल्हापूरला चित्रकला शिकत होते आणि पदविकेचं एकच वर्ष राहिलं होतं. ते झालं असतं तर मी शाळेत चित्रकलेची बाई झाले असते, आणि मला जन्मात दुसरं काही व्हायचं नव्हतं. अशात श्रीनिवासचं स्थळ आलं. मुलगा इस्लामपुरात बँकेत, स्वभावानं गरीब, हसला की गालाला खळी पडायची. माझ्या वडिलांनी, नानांनी, पत्र लिहून विचारलं की लग्नानंतर मुलीला एवढं एक वर्ष पुरं करू द्याल का.

उत्तर मुलाच्या वडिलांकडून आलं. बापूसाहेब खांबेटे मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले होते, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी लिहिलं होतं, "आमची वैयक्तिक हरकत काहीच नाही. परंतु सौ.चे मत असे पडते की, लग्नानंतर मुलीने शिक्षणात वेळ दवडू नये. गृहशांतीस्तव आम्ही त्यांच्या शब्दाबाहेर जात नाही." नानांनी दोनदा आणखी लिहून पाहिलं. दोन्ही वेळा सौ. आडव्या आल्या. श्रीनिवास एकदा घरी आला तेव्हा मी त्याला धीर करून विचारलं. तो म्हणाला, "आमच्या घरात आईचंच चालतं, असं बाबा म्हणतात." या वाक्याकडे मी जरा नीट बघायला हवं होतं. पण मी तेव्हा खळीकडे बघत होते.

तर असा मी उमाबाईंवर न बघताच दात धरला. त्यात तेल ओतायला बनूआत्या होती. ही नानांची धाकटी बहीण, थट्टामस्करीत सगळ्या नात्यात पटाईत. लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली की, तुझ्या सासूला चित्राची किंमत नाही ना, मग दाखव की तिला चित्र काय करतं ते. बेत असा ठरला की सासूबाईंच्या ताटाशेजारी एक रांगोळीची वाटी काढायची, अगदी चांदीची वाटावी अशी. त्या म्हणणार, हिच्यात तूप वाढा. वाढपी तूप घेऊन वाकणार आणि फरशीवर ओतणार. पंगत हसणार. मी मात्र काहीच माहीत नसल्यासारखी खाली मान घालून बसणार.

लग्नाच्या दिवशी पहाटे साडेपाचला, आई नाहणाच्या तयारीत गुंतली असताना, मी मागच्या भोजनगृहात शिरले. बनूआत्या दाराशी राखणीला. पाट आदल्या रात्रीच मांडून झाले होते, आणि विहिणीच्या पाटावर आमच्या शेजारच्या वाटवेकाकूंनी हळदीकुंकू वाहून ठेवलं होतं. अशा पाटावर दुसऱ्या कुणी बसायचं नसतं. म्हणून मी वाढप्यांच्या वाटेत, पाटाच्या समोर फतकल मारली आणि तिथून कामाला लागले. फरशी शहाबादी, करड्या रंगाची. पांढरी रांगोळी आणि कोळशाची पूड यांच्या मी सात छटा करून पुड्या बांधून आणल्या होत्या. वाटीच्या आतल्या बाजूला पलीकडची कड गडद, मग हळूहळू उजळत अलीकडच्या कडेला पांढरीशुभ्र, आणि काठावर चांदीची चमक म्हणून मिठाच्या कणाएवढे दोन ठिपके. पाऊण तास लागला. उठून बघितलं तर वाटी अशी खोल झाली होती की माझंच बोट आत घालून बघायचा मोह झाला.

बनूआत्या आली, बघितली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. ती दाराकडून आली होती, म्हणजे माझ्याच बाजूनं. पाटाकडून ती वाटी आम्हा दोघींपैकी कुणीच बघितली नाही.

आता दुपारी एक वाजता उमाबाई विचारत होत्या की ही पालथी कुणी घातली.

आई वाढप्यांच्या वाटेत उभी होती. तिनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "पालथी कुठाय, विहीणबाई? सरळच आहे की."

उमाबाईंच्या शेजारी त्यांच्या नणंदबाई बसल्या होत्या. त्यांनी मान वाकडी करून बघितलं आणि विचारलं की आमचे डोळे गेलेत का. त्या रांगेतल्या सगळ्याच बायका आळीपाळीनं पुढं झुकल्या, आणि सगळ्यांचं मत पडलं की वाटी पालथी आहे, चक्क बूड वर करून ठेवलीय. आमच्या रांगेतल्यांनी माना उंचावून बघितलं आणि त्यांना ती सरळ दिसली, चांगली खोल. माझे मामा म्हणाले की पावशेर तूप मावेल. त्यावर नणंदबाई म्हणाल्या की पालथ्या वाटीत तूप मावतं हे आज मिरजेत येऊन कळलं. दोन्हीकडची माणसं शपथेवर सांगत होती आणि दोन्हीकडची अगदी खरं बोलत होती. अशी भांडणं सुटत नाहीत.

बापूसाहेब आमच्या रांगेत, त्यांच्या मुलापलीकडे बसले होते. त्यांना भूक सहन होत नसे, हे मला पुढं तीस वर्षं बघायला मिळालं. ते म्हणाले, "अहो, वाटी चांगली सरळ आहे. जेवायला सुरुवात करा."

"तुम्हाला तुमच्या जागेवरून सगळं सरळच दिसतं," उमाबाई म्हणाल्या.

नाना हात जोडत पुढं आले. चूकभूल झाली असेल, मीच सरळ करून ठेवतो, असं म्हणून त्यांनी वाटीकडे हात नेला. पण उमाबाईंनी आपला हात मध्ये आडवा धरला.

"कुणी हात लावायचा नाही. ज्यानं पालथी घातली त्यानंच येऊन सरळ करावी."

बनूआत्या मठ्ठ्यात मीठ आहे का ते बघायला स्वयंपाकघरात निघून गेली ती गेलीच.

मला कळेना की हे झालं कसं. मी समोर बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर वाटी सरळ होती. मग मी नणंदबाईंच्या तोंडाकडे बघितलं, मग त्या कुठं बसल्यात ते बघितलं, आणि एकदम कोल्हापूरचे आमचे चित्रकलेचे गवंडी सर आठवले. छायाप्रकाशाच्या पहिल्या तासाला त्यांनी एका खड्ड्याचं चित्र आम्हाला दाखवलं होतं आणि कागद उलटा फिरवल्याबरोबर त्या खड्ड्याचं टेंगूळ झालं होतं. सर म्हणाले होते, डोळा उजेड वरूनच येतो असं धरून चालतो, कारण सूर्य कायम डोक्यावर. वरची कड काळी आणि खालची उजळ दिसली, की तो म्हणतो खड्डा. वरची उजळ आणि खालची काळी, की म्हणतो उंचवटा. विचारायला थांबत नाही. परीक्षेत हे मी लिहिलं होतं आणि दहापैकी नऊ गुण घेतले होते. आणि माझ्या लग्नाच्या दिवशी पहाटे मी पाटासमोर बसून, माझ्याकडून बघून, वाटी काढली. माझी वरची कड ती सासूबाईंची खालची. मी त्यांच्यापुढं अगदी मन लावून पालथी वाटी मांडली होती.

नवऱ्या मुलीनं पंगतीत बोलायचं नसतं. पण नानांचे जोडलेले हात मला बघवेनात. मी उठले. माझ्या शालूला श्रीनिवासचं उपरणं गाठीनं बांधलेलं होतं, त्यामुळं तोही अर्धा उठला आणि तसाच वाकून उभा राहिला.

"मी घातली," मी म्हणाले. "ती वाटी नाही, आई. रांगोळी आहे. आणि मी काढली ती सरळच काढलीय. तुम्हाला खोटं वाटत असेल तर इकडं येऊन बघा."

मी त्यांना पहिल्यांदा आई म्हणाले ते असं, आणि तेही भांडताना. कुणी हसलं नाही. पाटावर बसलेली विहीण जेवल्याशिवाय उठत नाही. उठली तर ती थेट घरी जाते, आणि मग पुढची दहा वर्षं दोन्ही घरांना तेवढाच विषय पुरतो. माझ्या आईनं भाताचं पातेलं खाली ठेवलं.

उमाबाई उठल्या.

पण त्या दाराकडे गेल्या नाहीत. निऱ्या आवरत वाटेतून वळसा घालून त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. मग परत आपल्या पाटाशी गेल्या आणि तिथून बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे आल्या. असं त्यांनी तीनदा केलं. तिसऱ्यांदा येताना त्यांच्या नणंदबाईही मागोमाग आल्या, मग आणखी दोघी, आणि मग काय विचारता. अख्खी पंगत या बाजूची त्या बाजूला जाऊन बघायला लागली. माझे मामा पलीकडे जाऊन आले आणि त्यांनी मान्य केलं की तिकडून तूप मावत नाही. सगळं भोजनगृह हसायला लागलं. सगळ्यात मोठ्यानं बापूसाहेब हसले. मांडीवर थाप मारून ते म्हणाले की, सूनबाईंनी पहिल्याच दिवशी सासूला चांगलंच बनवलं, आणि एवढ्यात वरणभात आला तर फार बरं होईल.

उमाबाई आपल्या पाटावर जाऊन बसल्या. हसू मावळेपर्यंत त्या थांबल्या.

"सगळ्यांचं हसून झालं असेल तर माझ्या मानाचं काय?" त्यांनी विचारलं. "भर पंगतीत माझी थट्टा झाली. मी रुसलेय."

हा त्यांचा हक्कच होता. नानांनी लगेच सांगितलं की सांगा, काय देऊ. नानांनी पैठणीची तयारी ठेवली होती, हे मला माहीत होतं. पण बापूसाहेबांची भूक आता अनावर झाली होती. ते म्हणाले, "मागा, मागा. जे मागायचं ते मागून टाका. आज तुम्हाला कुणी नाही म्हणणार नाही, हा माझा शब्द."

"तुमचा शब्द?"

"दिला म्हटलं ना."

मग उमाबाई नानांकडे वळल्या. "मग ऐका. या मुलीला उजेड कुठून येतो ते कळतं, पण समोरचा कुठं बसलाय ते अजून कळत नाही. म्हणजे हिचं शिक्षण अपुरं आहे. अपुरं काम मी पदरात घेत नसते. एक वर्ष राहिलंय ना हिचं? जूनला कोल्हापूरला पाठवा आणि पुरं करून घ्या. माझी एवढीच मागणी आहे."

मी अजून उभीच होते. श्रीनिवासही वाकून उभाच होता. मला ऐकू आलं ते खरं आहे का, हे मी त्याच्या तोंडावर बघायला गेले, तर तो त्याच्या वडिलांच्या तोंडाकडे बघत होता. बापूसाहेबांचं हसू जागच्या जागी थिजलं होतं.

नाना भोळा माणूस. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पण विहीणबाई, तुमचाच विरोध होता ना? तिन्ही पत्रांत तसं होतं म्हणून आम्ही गप्प बसलो."

"माझा?" उमाबाई म्हणाल्या. त्यांनी सावकाश मान वळवली. "काय होतं हो पत्रांत?"

माणसानं भर पंगतीत उत्तर द्यायचं कसं टाळावं, हे मी त्या दिवशी बघितलं. बापूसाहेबांनी आपल्या ताटाकडे बघितलं, मग आमच्या आईकडे.

"भात वाढा," ते म्हणाले.

तेवढ्यावर सगळं ठरलं. वाटीची रांगोळी वाढप्यांच्या पायांनी पुसून गेली. उमाबाईंनी नानांची पैठणी घेतली नाही, पण बनूआत्याला स्वयंपाकघरातून बोलावून आणायला लावलं आणि तिच्याच हातून मीठ भरलेली करंजी मागून घेतली. ती त्यांनी न खाता बापूसाहेबांच्या ताटात पाठवली. मी ते जेवण कसं जेवले मला आठवत नाही. आनंदापेक्षा मला लाज जास्त वाटत होती. तीन महिने मी ज्या बाईला मनातल्या मनात शिव्या मोजल्या होत्या, तिनं मला माझं वर्ष परत मिळवून दिलं होतं, आणि तिच्याकडे मी आजवर एकदाही नीट बघितलंसुद्धा नव्हतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या मला इस्लामपूरच्या स्टँडवर सोडायला आल्या. श्रीनिवासला रजा मिळाली नव्हती, आणि बापूसाहेब महिनाभर पायदुखीनं आजारी होते. गाडीला अवकाश होता. आम्ही ट्रंकेवर बसलो होतो. मी त्यांना म्हणाले की त्या दिवशी मी तुम्हाला फसवलं, त्याचा मला अजून पश्चात्ताप होतो.

"तू कुठली फसवतेस," त्या म्हणाल्या. "ती रांगोळी आहे हे मला बसतानाच दिसलं. खऱ्या वाटीची फरशीवर सावली पडते, बाई. तुझ्या वाटीला सावलीच नव्हती."

ही चूक गवंडी सरांनीसुद्धा काढली असती.

"मग तुम्ही नानांना हात का लावू दिला नाही?"

"लावला असता तर हसून सगळं तिथंच संपलं असतं, आणि काढणारी कोण ते कळलंच नसतं. पालथी दिसत होती एवढं मात्र खरं. तेवढा राग मला आलाच."

"आणि माझ्या शिक्षणाचं? तुम्हाला माहीत होतं?"

"एवढंच माहीत होतं की तुम्हीच ते सोडलंत. यांनी मला तसं सांगितलं होतं. मुलीलाच पुढं शिकायचं नाही म्हणे." त्यांनी ट्रंकेची कडी नीट लावली. मग म्हणाल्या, "पण जी मुलगी लग्नाच्या दिवशी पहाटे उठून वाटी काढत बसते, ती चित्र सोडेल होय? मग मी ठरवलं की रुसायचं. एकोणतीस वर्षं मी या घरात शहाण्यासारखी वागलेय, कुमुद. मला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही. विहीण म्हणून रुसले, तर सगळं गाव हात जोडून उभं. असा दिवस बाईच्या जन्मात एकदाच येतो, तो मी पैठणीवर कशाला घालवू?"

कोल्हापूरची गाडी लागली. त्यांनी माझ्या पिशवीत डब्याबरोबर रांगोळीची एक पुडी घातली, मी खाली वाकून नमस्कार केला, आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला तो काढेचनात. कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवली तेव्हा मी चढले. खिडकीतून बघितलं तर त्या परत न जाता तिथंच उभ्या होत्या, आणि पदरानं उगाचच खिडकीखालचा पत्रा पुसत होत्या. गाडी हलली आणि मला रडू फुटलं ते आवरेना.

शेजारी पेठनाक्याला उतरणारी एक म्हातारी बसली होती. तिनं माझ्या हातातला हिरवा चुडा बघितला, माझ्या मांडीवर हात ठेवला आणि समजुतीनं विचारलं, "माहेर सुटलं व्हय गं?"

"नाही," मी म्हणाले. "सासर सुटलं."